पेटी आणि ॲपचा तानपुरा जुळत नाही? सूर घासायला देण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. पेटीवर काळी एक धरली, फोनवरच्या तानपुऱ्यालाही काळी एक लावली, आणि दोन्ही एकदम वाजायला लागले की सूर हेलकावे खातो. ट्यूनर उघडला तर काटा मधोमध थांबत नाही. पुढचा निष्कर्ष ठरलेला: पेटी चढली, कारागिराकडे न्या. काही उत्साही मंडळी तर व्हिडिओ बघून स्वतःच कानस घेऊन बसतात.

कानस खाली ठेवा. अशा तक्रारींत पुष्कळदा पेटी अगदी निरोगी असते. ती ४४२ ला लावलेली असते आणि ॲप ४४० वर असतं, एवढंच.

काळी एक, पांढरी चार, काळी पाच ही पेटीवरच्या जागांची नावं आहेत. त्या जागेवर नेमका किती उंच सूर निघावा, हे पेटी लावणाऱ्यानं कुठला आधार धरला त्यावर ठरतं. जगभर हा आधार मध्य सप्तकातल्या पांढरी सहावरून सांगतात. ट्यूनर आणि तानपुऱ्याची ॲपं बहुतेक करून ही पट्टी ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, धरून चालतात. पेटीचा कारागीर मात्र त्याच्याकडच्या जुन्या पेटीवरून किंवा गिऱ्हाइकाच्या मागणीवरून लावतो, आणि ती ४४० असेलच असं नाही. ४४२ पुष्कळ दिसते. ४३८ किंवा ४४५ दिसली तरी दचकू नका.

फरक मोजायचं माप सेंट. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट. ४४० च्या आसपास आधार एक हर्ट्झनं हलला की सगळे सूर सुमारे चार सेंटनी हलतात, हे लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं. म्हणजे ४४२ ची पेटी ४४० पेक्षा आठ सेंटनी वर, ४४५ ची जवळजवळ वीस सेंटनी वर, ४३५ ची वीस सेंटनी खाली.

आठ सेंट ऐकू तरी येतात का? एकटी पेटी ऐकून कुणालाही कळणार नाही. पण दोन अखंड सूर एकमेकांवर टेकले की लपत नाही. मध्य सप्तकातली काळी एक ४४० च्या हिशेबानं २७७.२ हर्ट्झ आणि ४४२ च्या हिशेबानं २७८.४. फरक सव्वा हर्ट्झचा, म्हणून चार सेकंदांत साधारण पाच लाटा. तानपुऱ्यातून निघणाऱ्या वरच्या स्वयंभू सुरांवर, म्हणजे तारेतून आपोआप उमटणाऱ्या उंच सुरांवर, हाच वेग दुप्पट, तिप्पट होत जातो आणि सगळं मिळून ते अस्वस्थ करणारं पाणी हलल्यासारखं ऐकू येतं. गाणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण आवाज ठरत नाही. मग तो साथीदाराकडे बघतो.

मोजायचं कसं

पहिली गोष्ट, मोजणारं यंत्र तपासा. ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ४४० च आहे ना? घरातल्या मुलानं गिटारसाठी ४३२ करून ठेवलेलं असतं आणि आपण पेटीला दोष देत राहतो. तानपुऱ्याच्या ॲपमधली बारीक फरकाची पट्टीसुद्धा बोट लागून सरकलेली असते. आधी ती शून्यावर आणा.

मग पेटी. कपलर (एक पट्टी दाबली की वेगळ्या सप्तकातली तीच पट्टीही वाजवणारी सोय) बंद करा. सुरांची, म्हणजे आतल्या धातूच्या पात्यांची, एकच ओळ वाजेल असे स्टॉपर (समोरचे ओढायचे खटके) ठेवा. (प्रत्येक पेटीवरचे सगळे स्टॉपर कामाचे असतात असं नाही. काही निव्वळ शोभेला असतात, ते ओढून काही फरक पडला नाही तर घाबरू नका.) दोन्ही ओळी वेगळ्या करता येत नसतील तर ट्यूनरचा काटा डुलतो, त्या डुलण्याचा मध्य धरा. भाता गाण्याच्या साथीत जितका हलका चालवता तितकाच चालवा. भाता दामटला की सूर किंचित उतरतो, खर्जातला जास्त. चाचणी घेताना माणसं जोर लावतात आणि चुकीचा आकडा लिहून घेतात.

आता एकच पट्टी बघून मोकळे होऊ नका. मध्य सप्तकातल्या बाराही पट्ट्या क्रमानं वाजवा आणि प्रत्येकीसमोर किती सेंट वर-खाली ते कागदावर लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. रोगाचं निदान या कागदावरच होतं, म्हणून तो टाळू नका.

कागदावर बाराही आकडे जवळजवळ सारखे दिसले, म्हणजे अधिक सात, अधिक नऊ, अधिक आठ, अधिक सात अशा थाटात, तर पेटी उत्तम आहे. फक्त तिचा आधार ४४२ आहे. या पेटीला हात लावायचं काही कारण नाही.

आकडे वेडेवाकडे असतील, एक अधिक चार, दुसरा उणे अकरा, तिसरा अधिक नऊ, आणि त्यात काही सुसंगती नसेल, तर पेटी खरोखरच बेसूर झालीय. कारागिराकडे न्या. बाकी सगळ्या ठीक आणि एकच पट्टी एकदम वीस-पंचवीस सेंटनी उतरलेली असेल तर त्या सुराच्या पात्यावर कचरा बसलाय किंवा पातं मुळाशी तडकायला लागलंय. कचरा साफ होतो. तडकलेलं पातं बदलावंच लागतं.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. आकडे सारखे नसतात, पण उगाचही नसतात. समजा तुमचा सा काळी एक आहे आणि सा-च्या तुलनेत शुद्ध गंधार उणे चौदा, शुद्ध धैवत उणे सोळा, शुद्ध निषाद उणे बारा, पंचम अधिक दोन, कोमल गंधार अधिक सोळा, कोमल धैवत अधिक चौदा असं काहीसं निघालं. ही पेटी बिघडलेली नाही. कुणीतरी ती मुद्दाम काळी एकच्या सा-साठी नैसर्गिक स्वरांवर लावून घेतलीय. आपल्याकडे तिला गंधार ट्यूनिंग म्हणतात, कारण तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधाराशी तिचा गंधार मिळतो. ट्यूनर समान अंतरांच्या बारा स्वरांची फूटपट्टी लावतो, त्यामुळे त्याला ही पेटी चुकीचीच दिसणार. अशी पेटी ‘दुरुस्त’ करून आणलेली मी पाहिली आहे. चांगली लावलेली पेटी होती, वाईट वाटलं.

आणि इथेच सापळा आहे. अशा पेटीवर पांढरी सहा मोजून आधार काढायला गेलात तर हमखास फसाल. काळी एकचा सा धरला तर पांढरी सहा म्हणजे कोमल धैवत. गंधार ट्यूनिंगमध्ये तो मुळातच चौदा सेंटनी वर असतो. पेटीचा सा अगदी ४४० च्या हिशेबात असला तरी पांढरी सहा ४४३.५ दाखवेल. तुम्ही ॲप ४४३.५ वर नेणार आणि आधी जुळत असलेला सा बिघडवून बसणार. काळी पाचच्या सा-साठी लावलेल्या पेटीत उलटं होईल, कारण तिथे पांढरी सहा शुद्ध निषाद आहे, बारा सेंटनी खाली, आणि आकडा येईल ४३७. म्हणून भारतीय संगीतासाठी आधार नेहमी स्वतःच्या सा-वरून आणि पंचमावरून काढा. जगाचा आधार पांढरी सहा असेल, आपला सा आहे.

आकडा ॲपमध्ये घालताना होणारा घोळ

ट्यूनरनं तुमच्या सा-चे २७९ हर्ट्झ दाखवले. ॲपमध्ये चौकट आहे ४४० ची. तिथे काय घालायचं? २७९ तर नाहीच. पण २७७.२ आणि २७९ मधला १.८ चा फरक ४४० मध्ये मिळवून ४४१.८ घालणंही चूक. हर्ट्झ बेरजेनं चालत नाहीत, गुणोत्तरानं चालतात. २७९ ला २७७.२ नं भागा, ४४० नं गुणा. उत्तर जवळपास ४४२.९ येतं. हे नको असेल तर हर्ट्झकडे बघूच नका. सेंट बघा. सा अकरा सेंट वर असेल तर ॲपचा तानपुरा अकरा सेंट वर, संपलं. ट्यूनरचा आधार एकेक हर्ट्झनं वाढवत जाणं हाही एक मार्ग आहे: सा-वर काटा मधोमध आला की तोच आकडा तानपुऱ्याला द्या.

शेवटची बारीक जुळणी मात्र कानानं. पेटीचा सा धरून ठेवा, तानपुरा हळूहळू सरकवा. लाटा मंदावत जातात, मग एक लाट इतकी लांबते की ती लाट राहतच नाही. तिथे थांबा.

हलणार कोण?

जमत नसेल तर भांडण याच प्रश्नावर होतं. माझा नियम सोपा आहे. ज्या वाद्याला हलताच येत नाही त्याचा सूर पक्का, बाकी सगळ्यांनी तिकडे यायचं. मैफलीत पेटी असेल तर पेटी. ॲपचा तानपुरा बोटाच्या एका सरकीत हलतो. खरा तानपुरा खुंटी आणि मण्यांवर काही मिनिटांत मिळतो. तबला हातोडीनं गट्टे आणि गजरा ठोकून येतो. गळ्याला तर आठ सेंटचा पत्ताही लागत नाही. मग ऐंशीच्या वर सूर असलेली दोन ओळींची साडेतीन सप्तकी पेटी हलवायला का जायचं?

सूर चढवायचा तर पात्याचं टोक घासतात, उतरवायचा तर मुळाशी घासतात. दोन्ही बाजूंनी धातू जातो आणि परत येत नाही. एका कार्यक्रमासाठी ४४२, पुढच्यासाठी ४४०, असं पेटीशी खेळता येत नाही. शिवाय घासलेले सूर लगेच स्थिर होत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा एकदा हात फिरवावा लागतो. कायमचा आधार बदलून घ्यायचा ठरलाच असेल तर तो एकदाच आणि जाणत्या कारागिराकडून.

‘माझी स्केल चेंजर आहे, मी सरकवतो’ हे उत्तर बऱ्याचदा ऐकायला मिळतं. स्केल चेंजर म्हणजे पट्ट्यांची अख्खी रांग बाजूला सरकवता येणारी पेटी. ती अख्ख्या पट्टीनं सरकते, शंभर सेंटनं. आठ सेंटचं दुखणं तिच्यानं जात नाही.

दोन न हलणारी वाद्यं समोरासमोर आली की खरा पेच. पेटी आणि बासरी घ्या. बासरीचा सूर तिच्या पोटातल्या हवेच्या तापमानावर असतो, दर अंशाला सुमारे तीन सेंट. घरी उकाड्यात बरोबर लागलेली बासरी गार सभागृहात वीसेक सेंट उतरू शकते. फुंकून तापली की त्यातलं काही भरून निघतं, पण दोन तानांच्या मधल्या शांततेत ती परत गारठते. पेटीच्या धातूच्या पात्यांवर उष्णतेचा परिणाम अगदी थोडा, आणि तोही उलट दिशेनं. म्हणजे सभागृह गार झालं की दोघं एकमेकांपासून दूर जातात. उपाय काय? वातानुकूलन जरा कमी करून घ्या, बासरीवाल्याला आधी पुरेसा वेळ फुंकू द्या, आणि राहिलेला फरक त्याच्या ओठांवर सोडा. चांगला वादक तो खाऊन टाकतो.

संतूर तत्त्वतः हलतं, पण शंभराच्या घरातल्या तारा शेवटच्या क्षणी कुणी लावत नाही. म्हणून संतूरवाल्याला आदल्या दिवशीच आकडा कळवा. कीबोर्ड असेल तर प्रश्नच नाही. त्याच्या मेनूमध्ये मास्टर ट्यूनिंग असतं, तिथे पेटीचा आकडा घाला. ट्रान्स्पोजचं बटण मात्र पुन्हा अख्खी पट्टीच हलवतं, तिथे शोधू नका.

तबल्याबद्दल एकच सूचना. तबलजीनं फोनवर नव्हे, पेटीवर लावावा. पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) दमट होऊन सैल पडते, सूर उतरतो. वातानुकूलित हॉलमध्ये उलट सुकून चढतो. घरून ‘४४० ला लावून आणलाय’ या वाक्याला मंचावर काही अर्थ नसतो.

जुनं वाद्य आलं असेल तर

आजोबांच्या माळ्यावरून उतरवलेली पायपेटी, नाटक कंपनीच्या सामानातून आलेली पेटी, जुन्या बाजारातलं क्लॅरिनेट, यांच्या बाबतीत ४४० ची अपेक्षाच धरू नका. हा आकडा तसा अलीकडचा. आलेक्सांद्र दबँ यानं पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते १८४२ साली, तेव्हा असा काही ठरलेला आकडा नव्हता. फ्रेंच सरकारनं १८५९ मध्ये ४३५ हा आधार कायद्यानं ठरवला. ब्रिटनमध्ये त्याच काळात वाद्यवृंद ४५२ पर्यंत चढले होते. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास भारतीय बैठकीसाठी हातपेटी घडवली, तेव्हा आयात होणाऱ्या सुरांना एकच एक आधार असणं शक्यच नव्हतं. ४४० वर आंतरराष्ट्रीय एकमत झालं ते लंडनच्या परिषदेत, १९३९ साली; आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं त्याची शिफारस केली १९५५ मध्ये आणि १९७५ मध्ये तोच आकडा पुन्हा पक्का केला. ब्रिटनमध्ये त्याआधी ४३९ चालत होता. तो मागे पडण्याचं एक कारण मोठं मजेदार आहे. ४३९ ही मूळ संख्या, त्यामुळे त्या काळच्या स्फटिकाच्या विद्युत मंडलातून भागाकार-गुणाकार करून ती काढता येईना. ४४० सहज निघतो: दहा लाखाला हजारानं भागा, अकरानं गुणा, पंचविसानं भागा.

त्यामुळे पॅरिसचे जुने सूर असलेली पेटी बाराही पट्ट्यांवर सारखीच पंधरा-वीस सेंट खाली दिसली, तर ती कदाचित जन्मापासूनच ४३५ ची आहे. तिला ओढून ४४० वर आणणं म्हणजे प्रत्येक सुराचं टोक घासणं. माझं मत विचाराल तर तानपुरा खाली आणा आणि त्या सुरांना जगू द्या.

जुन्या क्लॅरिनेटवर किंवा सॅक्सोफोनवर ‘एच पी’ किंवा ‘एल पी’ अशी रोमन अक्षरं ठोकलेली आहेत का बघा. ‘एच पी’ म्हणजे उंच आधाराचं वाद्य, ४५० च्या पलीकडलं. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये हा उंच आधार १९६० च्या दशकापर्यंत टिकून होता, म्हणून असली वाद्यं अजून फिरत असतात. नळी थोडी ओढून ते खाली येईल असं विकणारा सांगेल. येत नाही. जवळजवळ अर्ध्या पट्टीचा फरक आहे, आणि नळी ओढली की वरची भोकं जास्त उतरतात, खालची कमी, आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. घेऊ नका. स्वस्तात मिळालं तर भिंतीवर लावायला घ्या.

परदेशात कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी आयोजकांना आधीच विचारावं. जर्मनी-ऑस्ट्रियातले अनेक वाद्यवृंद ४४३ च्या आसपास असतात आणि तिथले पियानोही ४४२-४४३ ला लावलेले सापडतात. इथून नेलेली ४४० ची पेटी त्या पियानोशेजारी बारा सेंट खाली बसेल. जुन्या युरोपीय संगीताचे वादक ४१५ धरतात, तिथे उलट सोपं जातं. ४१५ म्हणजे जवळजवळ बरोबर एक पट्टी खाली, त्यांची पांढरी दोन ती आपली काळी एक. पेटी तशीच वाजवा.

रेकॉर्डिंगबरोबर रियाज करताना

‘अमुक बुवांची पट्टी काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच का आहे?’ याचं उत्तर बुवांकडे नसून यंत्राकडे असतं. ध्वनिमुद्रिका एक टक्का वेगानं फिरली तरी सूर सतरा सेंट चढतो. जुन्या तबकड्या सगळ्या काटेकोर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नव्हत्या. ७५ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर फिरवली की सूर ६८ सेंट वर जातो. चित्रपटातली गाणी टीव्हीवरून उतरवलेली असतील तर आणखी एक भानगड असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, पाल या टीव्ही पद्धतीचं प्रक्षेपण २५ चं. तसाच पळवला की सूर ७१ सेंट वर, पाऊण पट्टी. आणि तुम्ही स्वतः केलेलं रेकॉर्डिंग जवळजवळ दीड पट्टी खाली वाजत असेल तर ४८ हजार नमुन्यांची फाइल ४४,१०० नं वाजतेय, सेटिंग दुरुस्त करा.

या सगळ्यांत आधाराचा आकडा शोधत बसू नका. तानपुरा त्या रेकॉर्डिंगला कानानं मिळवा आणि गा.

४३२ विषयी रोज कुणीतरी विचारतं, म्हणून लिहितो. ४३२ हर्ट्झनं मन शांत होतं, विश्वाशी तार जुळते वगैरे दावे फिरत असतात. ४३२ म्हणजे ४४० पेक्षा बत्तीस सेंट खाली, पट्टीचा एक तृतीयांश. काळी एकच्या सा-ला पांढरी सहा कोमल धैवत होते, काळी पाचला शुद्ध निषाद. म्हणजे या दोन्ही पट्ट्यांत भूप गाणारा तो ‘दिव्य’ सूर आयुष्यात कधी लावणारच नाही. गळ्याला खाली बरं वाटत असेल तर सा खुशाल बत्तीस सेंट खाली घ्या, आपल्या संगीतात त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त पेटीवाल्याला आधी सांगा, कारण त्याला तिथे येता येणार नाही.

नवी पेटी मागवताना किंवा जुनी लावायला देताना कारागिराला तोंडी ‘काळी एकला चांगली लावा’ एवढंच सांगून येऊ नका. आधार किती, टेम्पर्ड (समान अंतरांचे बारा स्वर) की गंधार ट्यूनिंग, आणि गंधार असेल तर कुठल्या सा-साठी, हे तीन मुद्दे लिहून द्या. पेटी हातात आली की तिथेच बारा पट्ट्या मोजा आणि आकड्यांचा तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या कार्यक्रमाआधी त्याचा फोटो तबलजीला आणि बासरीवाल्याला पाठवता येतो.